२४९ ग्रॅमचा आंबा

पहिल्या खेपेला मला ४० पैकी २४ मार्क पडले. पास व्हायला २६ लागतात. नऊ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करून टेस्टिंगच्याच सगळ्यात खालच्या पायरीच्या परीक्षेत दोन मार्कांनी गचकले, हे कुणाला सांगावं लागलं नसतं तर बरं झालं असतं. पण पेपरसाठी माजघराचं दार दीड तास बंद होतं, त्यामुळे लपवायला जागाच नव्हती. संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "झाला का गं पेपर?"

"झाला."

"मग?"

"गेले."

त्यांनी हातातली विळी खाली ठेवली. "अगं, रोज तेच तर करत असतेस ना तू?"

दुखणं नेमकं तेच होतं, पण ते मला कळायला पुढचे चार महिने जावे लागले.

आम्ही २०२०च्या लॉकडाउनमध्ये पुण्याचा फ्लॅट सोडून गावी आलो आणि इथलेच झालो. रत्नागिरी जिल्ह्यात, पावस गावाच्या पुढे पूर्णगडच्या वाटेवर घर. नवऱ्याने वडिलांची हापूसची बाग हातात घेतली, मी ओटीवरच्या खोलीत लॅपटॉप मांडला. पुण्याच्या कंपनीने घरून काम चालू ठेवलं. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळात विजेचे खांब आडवे झाले आणि सगळं ठप्प झालं, तेव्हा वाटलं की आता परत जावं लागणार. नाही गेलो. इन्व्हर्टर घेतला, दोन कंपन्यांची दोन सिमकार्डं घेतली, आणि निभावतोय.

२०२४च्या दिवाळीनंतर मॅनेजरने सांगितलं की नव्या क्लायंटला टीममधले सगळे टेस्टर आयएसटीक्यूबी सर्टिफाइड हवेत. आयएसटीक्यूबी ही टेस्टिंगची आंतरराष्ट्रीय संस्था, २००२ साली स्थापन झालेली. भारतात तिची परीक्षा इंडियन टेस्टिंग बोर्ड घेतं. त्यातली पहिली पायरी म्हणजे फाउंडेशन लेव्हल. ४० प्रश्न, पर्यायी उत्तरांचे, ६० मिनिटं, चुकीला मार्क कापत नाहीत. एकदा पास झालं की सर्टिफिकेट कायमचं, दर तीन वर्षांनी नूतनीकरणाची कटकट नाही. मी मनात म्हटलं, ही कसली परीक्षा, हा तर हातचा मळ.

अभ्यास केला नाही असं नाही. पण कसा केला, तर यूट्यूबवर दीडपट वेगाने व्हिडिओ पाहिले आणि एका सहकाऱ्याने पाठवलेले प्रश्नसंच सोडवले. ते प्रश्नसंच जुन्या अभ्यासक्रमाचे होते. २०२३ साली अभ्यासक्रमाची ४.० ही आवृत्ती आली आणि बरंच काही बदललं, हे मला परीक्षेच्या आठवडाभर आधी कळलं. आणखी एक गोष्ट तर कळलीच नाही. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांना २५ टक्के जादा वेळ मिळतो, म्हणजे ६० ऐवजी ७५ मिनिटं. ते नोंदणी करतानाच सांगायचं असतं. मी फॉर्म भरला तो भात कुकरला लावून, शिट्ट्या मोजत मोजत.

परीक्षा जानेवारीत, घरूनच. वेबकॅमसमोर बसायचं आणि दूर कुठेतरी बसलेला निरीक्षक तुमच्यावर नजर ठेवणार. त्याने आधी ओळखपत्र बघितलं, मग लॅपटॉप उचलून चारही भिंती दाखवायला सांगितल्या. भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावलं. टेबलाखालची आमसुलांची बरणी बाहेर गेली. मग त्याने वर दाखवायला सांगितलं. आमच्याकडे वर माळा आहे, त्यावर पाट्या, जुनी भांडी, पेंढ्याच्या गुंड्या. तो थोडा वेळ गप्प बसला. बहुधा असलं छत त्याने आधी पाहिलं नसावं.

अठराव्या प्रश्नाला कौलांवर माकडं आली. आमच्याकडे ती येतातच, नवीन काही नाही. पण बंद खोलीत लॅपटॉपच्या माइकवर तो आवाज कसा येत असेल याची कल्पना करा. पडद्यावर चॅट उघडली: खोलीत दुसरं कोणी आहे का? मी टाइप केलं, माकडं आहेत. छपरावर. पुन्हा शांतता. मग उत्तर आलं, ठीक आहे, पुढे चालू ठेवा. यात मिनिट-दीड मिनिट गेलं असेल.

माकडांवर ढकलायचा मोह झाला, नाकारत नाही. पण सोळा उत्तरं चुकली होती आणि माकडं एकदाच आली होती.

एक उदाहरण देते, म्हणजे माझं काय चुकत होतं ते कळेल. माझ्या नोकरीच्या पदनामातच क्यूए आहे, क्वालिटी अ‍ॅश्युरन्स. कंपनीत टेस्टिंग टीमला सगळे क्यूए टीमच म्हणतात. अभ्यासक्रम म्हणतो, टेस्टिंग हे क्वालिटी कंट्रोल आहे. तयार झालेली वस्तू तपासणं म्हणजे कंट्रोल. वस्तू बनवायची पद्धतच नीट ठेवणं म्हणजे अ‍ॅश्युरन्स. दोन्ही वेगळी. नऊ वर्षं मी चुकीच्या पाटीखाली बसले होते आणि परीक्षेत त्या पाटीला जागून उत्तर देत होते. तसंच एरर, डिफेक्ट आणि फेल्युअरचं. ऑफिसात या तिन्हींना आम्ही बग म्हणतो, फार झालं तर इश्यू. दुरुस्तीनंतर तोच बग पुन्हा तपासणं आणि दुरुस्तीमुळे दुसरं काही बिघडलं का ते तपासणं, या दोन्हींना आम्ही रीटेस्ट म्हणतो. अभ्यासक्रमात पहिल्याला कन्फर्मेशन टेस्टिंग आणि दुसऱ्याला रीग्रेशन टेस्टिंग अशी दोन स्वतंत्र नावं आहेत आणि परीक्षा नेमकी त्या फटीत बोट घालते.

अनुभव कमी पडला नव्हता, तो आड आला होता. प्रश्न वाचला की मी "आमच्याकडे काय करतो" ते आठवायची आणि त्याच्या जवळचा पर्याय टिक करायची.

फेब्रुवारीत मी व्हिडिओ बंद केले. आयएसटीक्यूबीच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमाची पीडीएफ फुकट मिळते, पाऊणशे पानांच्या आसपास, आणि त्याबरोबर नमुन्याच्या प्रश्नपत्रिका, प्रत्येक उत्तराच्या कारणासकट. हे सगळं पहिल्या दिवसापासून तिथेच होतं. पावसच्या झेरॉक्सवाल्याकडून पीडीएफ छापून आणली, स्पायरल बाइंडिंग केलं. कागदावर वाचल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही, हे वयाच्या चौतिसाव्या वर्षी मान्य केलं.

मार्क कुठे आहेत तेही तेव्हाच पाहिलं. सहा प्रकरणं, पण सारख्या वजनाची नाहीत. चौथं प्रकरण, म्हणजे टेस्ट कशा रचायच्या, त्याला ४० पैकी ११ प्रश्न. पाचवं, टेस्टिंगचं व्यवस्थापन, त्याला ९. शेवटच्या टूल्सच्या प्रकरणाला फक्त २. आणि मी जानेवारीत दोन रविवार टूल्सवर घालवले होते, कारण तो विषय मला आवडतो.

मार्चपासून आंबा सुरू झाला. सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी सहानंतर मी पडवीत, निवडीला. झाडावरून घळाने उतरवलेला आंबा पडवीत येतो, तिथे डाग, चिरट्या बघून बाजूला काढायच्या आणि मग वजनाप्रमाणे ढीग लावायचे. आमच्याकडे हिशेब असा: २०० ग्रॅमच्या आतला कॅनिंगला, २०० ते २४९ एक ढीग, २५० ते २९९ दुसरा, ३०० आणि त्याच्या वरचा तिसरा. चार डझनाची पेटी वेगळी, सहा डझनाची वेगळी, भावही वेगळा. मुरलेल्या माणसाला हातात घेतला की कळतं. मला कळत नाही, मी काट्यावर ठेवते.

चौथ्या प्रकरणात इक्विव्हॅलन्स पार्टिशनिंग नावाचं तंत्र आहे. ज्या किमतींना प्रोग्राम सारखीच वागणूक देतो त्यांचा एक गट करायचा आणि गटातली एकच किंमत तपासायची. पुढचं तंत्र बाउंडरी व्हॅल्यू अ‍ॅनालिसिस, म्हणजे दोन गटांच्या हद्दीवरच्या किमती तपासायच्या, कारण चुका तिथेच दडतात. दोन्ही मी ऑफिसात रोज करते. पण त्याचे दोन प्रकार आहेत, दोन किमतींचा आणि तीन किमतींचा, आणि परीक्षेत आकडा मोजून विचारतात. पहिल्या वेळी माझा घोळ तिथेच झाला होता.

एका शनिवारी रात्री निवड चालू होती. आमच्याकडे तात्या नावाचे जुने गडी आहेत. त्यांनी एक आंबा काट्यावर ठेवला. काटा २४९ आणि २५० मध्ये लुकलुकत राहिला. त्यांनी देठाकडून उचलला, पुन्हा ठेवला. २४९. चीक पुसला. पुन्हा २४९. फिरवून ठेवला, २५०.

"वयनी, ह्यो कुटं टाकू?"

"तुम्हीच सांगा ना, तात्या."

"काटा खरा का आंबा खरा, ता मला काय कळत नाय," म्हणाले आणि मोठ्या ढिगात टाकला.

मी हात पुसून वही घेतली. हद्द २४९ आणि २५० यांच्यामध्ये. दोन किमतींच्या पद्धतीत या हद्दीवर तपासायचे आंबे दोनच, २४९ आणि २५०. तीन किमतींच्या पद्धतीत प्रत्येक हद्दीची किंमत आणि तिचे दोन्ही शेजारी. २४९ साठी २४८, २४९, २५०. २५० साठी २४९, २५०, २५१. सामायिक काढले तर चार आंबे उरतात: २४८, २४९, २५०, २५१. नावात तीन आहे म्हणून मी जानेवारीत तीन मोजत होते. नवऱ्याने विचारलं, काय लिहितेस. मी म्हटलं, चार. तो म्हणाला, चार काय? मी सांगितलं नाही.

त्यानंतर मला खोडच लागली. जे वाचलं ते पडवीत लावून बघायचं. काही बसायचं, काही ओढूनताणून बसवायला लागायचं, ते मी सोडून द्यायची. साका मात्र असा चपखल बसला की अजून विसरले नाही.

साका ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हापूस बाहेरून देखणा, वास छान, आणि कापला की आत कोयीजवळचा गर पांढरट, स्पंजासारखा, आंबूस. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. झाडावर फार पिकू दिला तर साक्याचं प्रमाण वाढतं, म्हणून आंबा चौदा आणे तयार झाला की काढतात. आता बघा. काढणी चार दिवस लांबवली, ही माणसाची चूक, एरर. फळात साका झाला, तो डिफेक्ट. डोंबिवलीच्या गिऱ्हाइकाने पाहुण्यांसमोर आंबा कापला आणि आम्हाला फोन आला, ते फेल्युअर. आणि तोच आंबा कुणी कापलाच नाही, पेटीत कुजून गेला, तर डिफेक्ट आहे पण फेल्युअर नाही. अभ्यासक्रमात हेच लिहिलंय, प्रत्येक डिफेक्टमुळे फेल्युअर होईलच असं नाही.

हे मी उत्साहाने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "माझी चूक कशावरून? जमिनीच्या उष्णतेनेही साका होतो. झाडाखाली पालापाचोळा अंथरला नाही तर वाढतो." मी म्हटलं, अंथरला होतास का? पुढचं संभाषण इथे लिहिण्यासारखं नाही. ऑफिसात रूट कॉज अ‍ॅनालिसिसची, म्हणजे चुकीचं मूळ शोधायची मीटिंग साधारण अशीच होते.

टेस्टिंगची सात तत्त्वं आहेत, त्यातलं पहिलं हेच: टेस्टिंग दोष आहेत हे दाखवतं, दोष नाहीत हे सिद्ध करत नाही. पेटीतले पाच आंबे कापले, पाचही चांगले निघाले, म्हणून उरलेले चांगले असं कुणी लिहून देणार नाही. आणि दुसरं, सगळंच तपासणं शक्य नाही. सगळे कापले तर विकणार काय?

पाचवं तत्त्व माझं जुनं दुखणं. जुन्या प्रश्नसंचात त्याला पेस्टिसाइड पॅराडॉक्स म्हटलं होतं. बोरिस बायझर या अमेरिकन टेस्टिंगतज्ज्ञाने हे नाव रूढ केलं. तेच ते औषध मारत राहिलं की किडीला सवय होते, तशा त्याच त्या टेस्ट चालवत राहिलं की नवे बग सापडेनासे होतात. नव्या आवृत्तीत नाव बदललं, "टेस्ट झिजतात" अशा अर्थाचं केलं. पुस्तकाने कीटकनाशक काढून टाकलं, पण आमच्याकडे ते शब्दशः चालू आहे. फुलकिडे औषधाला दाद देत नाहीत ही तक्रार इथल्या कुठल्याही बागायतदाराच्या तोंडून ऐका. सासरे एकच औषध वर्षानुवर्षं मारायचे. नवरा आता दर फवारणीला औषधाचा गट बदलतो, तरी मोहोर काळवंडतो तेव्हा दोघे एकमेकांकडे बघत नाहीत.

ते वाचल्यावर मी ऑफिसातला आमचा टेस्टचा संच उघडला. १४० टेस्ट, दोन वर्षांत एकही बदललेली नाही. दर रिलीजला सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. आणि मागच्या तिमाहीतले तीन बग क्लायंटने शोधलेले. मी मार्चअखेर त्यातल्या पंचवीस नव्याने लिहिल्या. पहिल्याच आठवड्यात एक बग पडला: आडनावात काना-मात्रा असली की पत्त्याचा रकाना रिकामा व्हायचा. परीक्षेच्या अभ्यासाचा नोकरीत झालेला उपयोग एवढाच, पण झाला. (याच तत्त्वाला एक अपवाद आहे. आपोआप चालणाऱ्या रीग्रेशन टेस्टमध्ये त्याच त्या टेस्ट पुन्हा चालवण्यात फायदाही असतो. परीक्षा देणाऱ्यांनी तो अपवाद पक्का करावा.)

पाचव्या प्रकरणात अंदाज बांधायचं एक सूत्र आहे. सगळं जमून आलं तर, सर्वसाधारण, आणि सगळं फसलं तर, असे तीन आकडे घ्यायचे. मधल्याला चारने गुणायचं, तिन्हींची बेरीज करायची, सहाने भागायचं. एप्रिलच्या शेवटी मी नवऱ्याला विचारलं, मेमध्ये अजून किती पेट्या निघतील? जमलं तर १२०, एरवी ९०, फसलं तर ३०. उत्तर ८५. दोन टोकांतला फरक भागिले सहा, म्हणजे १५, हे इकडेतिकडे होण्याचं माप. मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: ७० ते १००. त्या वर्षी, २०२५ला, मेच्या विसाव्या तारखेच्या आसपासच पाऊस कोसळायला लागला आणि महिना संपायच्या आत मान्सूनही कोकणात येऊन थडकला. झाडावरचा आंबा झाडावर राहिला. ६१ पेट्या झाल्या. ते पान मी अजून फाडलेलं नाही.

दुसरी परीक्षा जूनच्या मध्यावर होती. पावसात घरून द्यायची हिंमत झाली नाही. रत्नागिरीला नाचण्यात मावसबहीण राहते, तिच्या फ्लॅटमधली मुलांची खोली आदल्या रात्री रिकामी केली. भिंतीवरचे पाढ्यांचे तक्ते उतरवले, जगाचा नकाशा उतरवला. या वेळी निरीक्षकाला वर सपाट स्लॅब दिसला. या वेळी ७५ मिनिटंही होती, नोंदणी करताना तो चौकोन दोनदा तपासला होता.

मी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. उत्तर टिक करायच्या आधी मनात विचारायचं, हे पुस्तक म्हणतं की मी म्हणते? जिथे मी म्हणत होते तिथे प्रश्नाला खूण करून पुढे जायचं. पहिल्या फेरीत अशा अकरा खुणा झाल्या. हद्दीच्या किमतींचा हिशेब या वेळीही करावा लागला, त्याला अर्धं मिनिट लागलं. स्टेट ट्रान्झिशनच्या आकृतीत, म्हणजे प्रोग्राम एका स्थितीतून दुसरीत कसा जातो ते बाणांनी दाखवतात त्यात, मात्र अडकले, बाण मोजता मोजता एक सुटायचा. शेवटच्या दहा मिनिटांत खुणा केलेले प्रश्न पुन्हा वाचले आणि अकरापैकी पाचांची उत्तरं बदलली. शाळेत शिकवलं होतं की पहिलं उत्तर बदलू नये. माझ्या बाबतीत पहिलं उत्तर ऑफिसचं असायचं.

बाहेर धो धो पाऊस चालला होता. एकदा दिवे गेले, लॅपटॉप बॅटरीवर, राउटर मावसबहिणीच्या इन्व्हर्टरवर. चॅटमध्ये कुणी काही विचारलं नाही.

३३ मिळाले. मॅनेजरने टीमच्या ग्रुपवर अभिनंदन टाकलं. कंपनीने फी परत केली ती एकाच प्रयत्नाची, ज्यात पास झाले त्याची. जानेवारीचे पैसे माझे गेले. नियम म्हणे आधीपासून पॉलिसीत लिहिलेला होता. तीही पीडीएफ मी वाचली नव्हती.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई खुश झाल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे सात अजून चुकले?"

हो, सात. त्यातल्या एकाचं माझं उत्तर बरोबर होतं असं मला आजही वाटतं, आणि कुणी भेटलं तर अर्धा तास वाद घालायची माझी तयारी आहे. पण परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगणार नाही असं सुरुवातीलाच लिहून घेतात. तेवढं मात्र मी सही करायच्या आधी नीट वाचलं होतं.